दोनदा धुतलेला खल

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. शेवटच्या आजारपणात ती सारखी विचारायची — काही बोलायचं राहिलंय का तुमचं? — आणि मी पंख्याकडं बघत बसायचो. मुलाला सांगितलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि लगेच तुमच्यावर माझा भरवसा बसलाय असंही समजू नका. माझा भरवसा कुणावरच बसत नाही. तोच तर माझा रोग आहे.

रोग. बघा, कसा अलगद शब्द आला! रोग म्हटलं की माणूस मोकळा — रोग्याला कोण काय म्हणणार? तेव्हा तो शब्द खोडून वाचा.

आमचं गाव मानवतजवळ. नाव लिहीत नाही. वडील कापूस घेऊन मानवतच्या बाजारात जायचे आणि मला बरोबर न्यायचे ते एकाच कामासाठी, काट्यावर नजर ठेवायला. हमाल पाय कुठं टेकवतोय, मापाडी बोट कुठं लावतोय, हे बघत मी उभा राहायचो. ‘तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ,’ असं वडील सांगायचे. व्यापारी गोड बोलायचा, चहा मागवायचा, मी हाताकडं बघत असायचो. कधी कुणी सापडलं का? एकदा सापडला होता. त्या एकावर मी जन्मभर सगळ्यांचे हात बघत आलो.

शिकलो, भौतिकशास्त्रात एमएस्सी केली, परभणीच्या एका कॉलेजात लागलो. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन दोन-तीन वर्षं उलटली होती. ठरावानंतर आमच्याकडं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच — वस्त्या जळाल्या, माणसं रातोरात गाव सोडून गेली. आमच्या गावातही जळालं. कोण कोण गेलं होतं तेही मला माहीत आहे, त्यातले काही माझ्या लग्नात पंगतीला होते. मी त्या दिवशी परभणीत होतो, शिकायला. ‘मी तर परभणीत होतो,’ हे वाक्य मी कितीदा बोललो असेन, कुणी विचारलेलं नसताना.

सुदाम ताडकळसचा. बौद्ध घरातला. आडनाव सांगत नाही, आमच्याकडं आडनावावरनंच पुढचं सगळं ठरतं. एमएस्सीला तो माझ्या मागच्या वर्गात होता आणि गुणांत माझ्या पुढं. मग माझ्याच विभागात लागला. मी त्याला सुदाम म्हणायचो, तो मला दत्ताराव म्हणायचा. दोघांचा हुद्दा एक, पगार जवळपास एकच. हे आता लिहिताना पहिल्यांदा खटकलं. तेव्हा ते असंच असतं असं आम्हा दोघांना वाटायचं — निदान मला वाटायचं. त्याला काय वाटायचं ते मी कुठं विचारलं?

त्याला परभणीत खोली मिळत नव्हती. म्हणजे मिळायची, भाडं ठरायचं, मग मालक आडनाव विचारायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मालकाचा भाचा शिकायला येणार असायचा. शेवटी कॉलेजच्या मागं एका गोदामात त्याची व्यवस्था झाली. पत्रे होते वर. उन्हाळ्यात तो ओलं पोतं अंगावर घेऊन झोपायचा आणि सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वर्गावर यायचा. मला त्याच्या इस्त्रीचाही संशय यायचा. एवढा टापटीप राहून हा कुणाला दाखवतोय?

आता मूळ गोष्ट. टाळाटाळ पुरे.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले प्राध्यापक आमच्याकडं व्याख्यानाला आले होते. चुंबकीय पदार्थ हा त्यांचा विषय. जाताना विभागात चहा घेतला आणि म्हणाले, माझ्याकडं पीएचडीची एक जागा आहे, शिष्यवृत्तीसकट. तुमच्या गुणपत्रिका मला नकोत, मला हात बघायचाय. तुम्ही दोघंही मॅग्नेशियम फेराइट करा, इथं, तुमच्या साधनांत, आणि मला आणून द्या. मी मोजतो, मग ठरवतो.

फेराइट म्हणजे जुन्या रेडिओत आत एक काळी कांडी असायची ना, त्या प्रकारचा पदार्थ. मातीच्या भांड्यासारखा भाजून केलेला, आणि तरी चुंबकाला ओढला जाणारा. लोखंडाच्या गंजाची तांबडी भुकटी घ्यायची, त्यात मॅग्नेशियमची पांढरी भुकटी मिसळायची, तासन्‌तास घोटायची, दाबून गोळ्या करायच्या, लालभडक भट्टीत भाजायच्या. मग भाजलेल्या गोळ्या पुन्हा घोटून त्यांची काळपट भुकटी बाटलीत भरायची. एवढंच. सगळी करामत घोटण्यात आणि भाजण्यात.

एक जागा, आणि आम्ही दोघं. मला ती कशाला हवी होती? नावामागं डॉक्टर लागावं म्हणून. घरी जमीन होती, बैठक होती, सासरे तालेवार होते. नसती मिळाली तर माझं काही अडत नव्हतं. त्याचं काय अडत होतं ते त्यानं एकदाच बोलून दाखवलं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो.

“तिथं होस्टेल हाय म्हणतेत, दत्ताराव. खोली हुडकायची फिकीर न्हाई. दिवसभर काम करावं अन् खुशाल पडावं.”

साधं वाक्य आहे. पण माझ्या डोक्यात काय आलं असेल? हा मला हे का ऐकवतोय? मी माघार घ्यावी म्हणून? त्या दिवसापासून मी त्याच्या मागावर राहिलो. तो कप्प्याला कुलूप का लावतो? शनिवारी गावाकडं जातो तो खरंच आईला भेटायला, की कुणा पुढाऱ्याकडं वशिला लावायला? पुण्याच्या प्राध्यापकांना यानं गुपचूप पत्र तर टाकलं नसेल? पुढं सगळं त्यांच्याच बाजूनं होणार आहे — असं आमच्या स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी म्हणायचंच, आणि मी मान हलवायचो. माझ्या बाजूनं आजवर काय काय झालं होतं ते मात्र मी कधी मोजलं नाही.

घोटायला आमच्याकडं एकच खल होता, अकीकाचा. हा दगड फार कठीण. तो झिजत नाही म्हणून त्याचा कण मालात जात नाही. लोखंडी खलात घोटलं तर लोखंड झिजून मालात उतरतं, आणि चुंबकाच्या कामात परकं लोखंड म्हणजे सत्यानाश. मोजायला गेलं की आकडे फुगतात, खोटेच. आमच्या कामातलं हे पहिलं पथ्य. तो खल माझ्या कपाटात असायचा आणि किल्ली माझ्या खिशात.

सुदामनं मागितला. मी आज देतो, उद्या देतो केलं. आधी माझं सगळं घोटून घेतलं, मग दिला — धुऊन दिला, रीतीप्रमाणं. त्यानं वापरला, आम्लानं धुतला, सुकवला आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून परत आणून दिला. आरशासारखा स्वच्छ होता. तो गेल्यावर मी खल नळाखाली धरला आणि आम्लानं धुतला. ठीक आहे, तेही रीतीतच बसतं. मग मी साबण घेतला, हात धुवायचा साधा साबण, आणि तो पुन्हा धुतला.

पहिलं धुणं विज्ञानाचं होतं, असं म्हणू. दुसरं कशाचं होतं? तुम्हाला कळलंय. मलाही तेव्हाच कळलं होतं, कारण धुताना मी मागं वळून बघितलं होतं, कुणी बघत नाही ना म्हणून. कुणी दिसलं नाही.

आणि भट्टी. खल अजून त्याच्याकडंच होता तेव्हाची गोष्ट. तीही एकच. पाळी लावून वापरायची. माझ्या गोळ्या मी भाजल्या आणि भट्टीतच सावकाश निवू दिल्या, रात्रभर अन् पुढचा अर्धा दिवस. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. मग सुदामची पाळी आली. त्याचं भाजून झालं त्या दुपारी मी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मला भट्टी आजच पाहिजे. खरंच पाहिजे होती का? मला एक खेप पुन्हा भाजायची होती, पण ती चार दिवसांनी भाजली असती तरी चाललं असतं. तो म्हणाला, उद्यापर्यंत निवू द्या की. मी म्हटलं, मग काढ बाहेर.

त्यानं सांडशी घेतली, भट्टीचं दार उघडलं आणि लाल झालेली मूस बाहेर काढून गोळ्या फरशीवर ओतल्या. शहाबादी फरशी होती, टिचली. गोळ्या निखाऱ्यांसारख्या होत्या, बघता बघता काळ्या पडल्या. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एकही गोळी तडकली नाही म्हणून तो खूश झाला आणि माझ्याकडं बघून हसला, जणू मीही त्यात खूश असणार. मी भट्टी ताब्यात घेतली.

ही फरशी लक्षात ठेवा. लाल गोळ्या एकदम थंड झाल्या, हे बघणारे जगात दोघंच होतो, तो आणि मी.

नमुने पुण्याला एकानंच घेऊन जायचं ठरलं, कारण दोघांना एकदम रजा मिळत नव्हती. मी म्हटलं, मी जातो. त्याला पाठवलं तर तो तिथं जाऊन गोड बोलेल, छाप पाडेल, ही धास्ती. सुदाम म्हणाला, “बरं झालं. तुमी नीट न्याल.” बाटली कापसात गुंडाळून, तपकिरीच्या डबीत घालून त्यानं माझ्या हातात दिली. मी डबी घेतली ती त्याच्या बोटांना बोट न लावता.

मनमाडला गाडी बदलायची होती. बाकावर बसून मी दोन्ही बाटल्या काढल्या. पिशवीत कॉलेजातला एक नालाच्या आकाराचा चुंबक घेतला होता — कशासाठी घेतला होता? वाटेत बघायचं होतं म्हणूनच ना? माझ्या बाटलीजवळ चुंबक नेला, भुकटी आळशासारखी सरकली. सुदामच्या बाटलीजवळ नेला आणि भुकटी अशी उसळून काचेला चिकटली की मी दचकलो. शेजारच्या बाईनं पदर सावरला. मी बाटली झटकन आत टाकली.

तेव्हा मनात पहिला विचार आला — यानं लोखंड मिसळलंय! बेइमानी केलीय! आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वडिलांच्या काट्यावर चोर सापडला तेव्हा झाला होता तसा. पण दौंड येईपर्यंत तो आनंद विरला होता. कारण मला ती फरशी आठवत होती. लाल गोळ्या एकदम थंड झाल्या तर आतले अणू आपल्या जागी परतायच्या आधीच अडकून पडतात, आणि चुंबकत्व वाढू शकतं — हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. पुसट, पण वाचलेलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. अगदी ठाऊक नसेल, पण शंका होती, आणि या एकाच शंकेला मी उभं केलं नाही. बाकी सगळ्या शंकांना पाट दिले, हिला दारातूनच घालवलं.

पुण्यात प्राध्यापकांनी दोन्ही नमुने मोजले. माझा ठीक आला, पुस्तकात असतो तेवढा. सुदामचा आकडा बघून ते खुर्चीतून उठले. पुन्हा मोजला. पुन्हा तोच. मग माझ्याकडं वळून त्यांनी दोन प्रश्न विचारले. दोनच. आणि बघा, किती सरळ प्रश्न होते!

पहिला — यानं गोळ्या निववल्या कशा?

मी म्हटलं, भट्टीतच सर. सावकाश. माझ्यासारख्याच.

दुसरा — घोटलं कशात?

मी म्हटलं, “लोखंडी खलात असावं, सर. अकीकाचा खल माझ्या कपाटात असतो.”

हेच ते. इतकी वर्षं घशात अडकलं होतं ते एवढंच आहे. यातलं दुसरं वाक्य खरं होतं हे लक्षात आलं का तुमच्या? खल माझ्या कपाटातच असायचा. खोटं पचावं म्हणून मी त्यावर खऱ्याचा एक थर दिला. आणि कुणी खोटं पकडू शकलं नसतं असं, अगदी आमच्या कामातलंच खोटं. चोर म्हटलं असतं तर पुरावा मागितला असता त्यांनी. मी चोर म्हटलं नाही. गबाळा म्हटलं. गबाळेपणाला पुरावा लागत नाही, विशेषतः — जाऊ द्या, पुढचं तुम्हीच भरा. प्राध्यापकांचा चेहरा उतरला. पोरगा घाईचा दिसतो, म्हणाले. सुदाम घाईचा! खलासाठी इतके दिवस वाट बघणारा माणूस.

मी तिथं बसून होतो. सर, मी चुकलो, त्यानं लाल गोळ्या बाहेर काढल्या, माझ्याच हट्टापायी काढल्या — एवढं म्हणायला वेळ होता. चहा आला. मी चहा प्यालो.

जागा मला मिळाली. कॉलेजात निरोप आला की सुदामच्या नमुन्यात लोखंड आढळलं, काम स्वच्छ नाही. विभागात एकानं दुसऱ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं आलं. सुदाम त्या आठवड्यात माझ्या घरी आला, अभिनंदन करायला. आईनं भाजून दिलेल्या शेंगा आणल्या होत्या, रुमालात. ओसरीवर बसला. बायकोनं चहा कपात दिला की काचेच्या पेल्यात, ते मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. जाताना चपला घालता घालता त्यानं विचारलं, “लोखंड आलं कुठून आसंल हो, दत्ताराव?”

मला वाटलं, याला कळलंय. हा मला खेळवतोय. मी म्हटलं, असतं कुठं ना कुठं, हवेतसुद्धा असतं. तो मान हलवत गेला.

त्या एका प्रश्नावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. याला ठाऊक आहे, हे धरूनच मी चाललो. नव्या वर्षाला त्याचं पत्र यायचं, तर मी ते उजेडात धरून वाचायचो, कुठं खोच आहे का म्हणून. माझ्या मुलाच्या बारशाला आला नाही — म्हणजे राग आहे. जावळाला आला — म्हणजे काय बघायला आला? परभणीला गेलो की बसस्टँडवरनं परस्पर मानवतची गाडी पकडायचो. रस्त्यात दिसलाच तर तो लांबून हात करायचा, आणि मी त्या हाताकडं बघायचो.

पुण्यात काय झालं तेही सांगतो, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. दुसऱ्या वर्षी माझं काम अडलं. आकडे पुस्तकाबाहेर जाईनात. एके दिवशी, कुणी नसताना, मी गोळ्या लालच्या लाल बाहेर काढल्या आणि दगडावर ओतल्या. मोजल्या. सुदामचा आकडा आला. तोच, तिथंच. प्राध्यापक खूश झाले, म्हणाले, अरे हे छानच आहे, तुला सुचलं कसं? मी म्हटलं, सुचलं सर. माझा प्रबंध त्याच्यावर उभा आहे. नावामागचा डॉक्टर त्या टिचलेल्या फरशीवरनं उचललेला आहे. त्या दिवशीही सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. तेव्हा तर सुदाम अजून गोदामातच होता.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षाच्या परीक्षांना मी परभणीला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो, त्याच कॉलेजात. तोवर मी पुण्यातच शिकवायला लागलो होतो, माझ्या हाताखाली पीएचडीची पोरं होती, माझ्याकडंही जागा असायच्या, आता मीही लोकांचे हात बघायचो. प्रयोगशाळेत सुदाम होता. कानाशी केस पांढरे झाले होते, सदरा इस्त्रीचाच. भेटला, कडकडून भेटला. आज नामविस्ताराचे पेढे काढणार, नाहीतर आज हिशेब काढणार, असं माझं चाललेलं होतं आतल्या आत.

एक मुलगी खल धूत होती, संगीता नावाची. अकीकाचाच खल, तोच. आम्लानं धुतला, पाण्यानं धुतला. झालं असं वाटलं, तर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी विचारलं, हे कामून दुसऱ्यांदा?

“सरांचा दंडक हाय,” ती म्हणाली. “खल दोनदा धुतल्याबिगर हात लावू देत न्हाईत. सरांचं पुण्याचं काम ह्याच्यापायीच गेलं म्हणतेत.”

मनात म्हटलं, आलं. चारचौघांत, परीक्षेच्या टेबलावर आलं. मी वळलो तर सुदाम मागंच उभा, हसत होता.

“खरं हाय तिचं,” तो म्हणाला. “लेकरांना सांगावं लागतं आपलं चुकलेलं. तुमाला आठवतंय का, तुमी खल धूत होता अन् मी दारात आलो होतो, कप्प्याची किल्ली राहिली म्हणून. तुमी दोनदा धुतला. मी घोटायच्या आधी एकदाच धुतला होता. तवा उमगलं न्हाई मला. निरोप आला तवा उमगलं — कुणीतरी आधी त्याच्यात लोखंड घोटलं असणार, मी नीट धुतलाच न्हाई. तुमचं काम स्वच्छ म्हणून तुमी गेलात. तवापासून दोनदा.”

मी त्याच्या हाताकडं बघत होतो, सवयीनं. मग बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या तोंडाकडं बघितलं. नीट बघितलं, कुठं खोच आहे का, टोमणा आहे का, शोधून बघितलं. काही नव्हतं. त्यानं माझ्यावर एक दिवसही संशय घेतलेला नव्हता. घेतला होता तो स्वतःच्या हातावर. इतकी वर्षं तो स्वतःला गबाळा समजत होता, दर वर्षी नव्या पोरांपुढं उभा राहून ते कबूल करत होता. मी न केलेली कबुली तो करत होता, न केलेल्या चुकीची. आणि त्यानं दारातनं बघितलं होतं ते माझं दुसरं धुणं. साबणाचं. ते त्यानं विज्ञान म्हणून शिकून घेतलं होतं.

तेव्हा बोललो का? नाही. मुलीला तिचा पुढचा प्रश्न विचारला.

निघताना त्यानं मला फाटकापर्यंत पोचवलं आणि संगीताबद्दल बोलला. तुमच्याकडं जागा असली तर हिला घ्या म्हणाला, हिचा हात स्वच्छ आहे. मी तिला घेतलं. उपकार म्हणून सांगत नाही, ती हुशारच होती, कुठंही लागली असती. माझ्या प्रयोगशाळेत ती माझ्यासमोर रोज खल दोनदा धुवायची, आणि मी दुसऱ्या धुण्याच्या वेळी उठून बाहेर जायचो. आता ती स्वतः शिकवते. तिची पोरंही दोनदा धुतात.

सुदाम परभणीतच असतो. स्वतःचं घर बांधलंय, अंगणात सीताफळ आहे म्हणाला. अधूनमधून फोन करतो, अजून दत्ताराव म्हणतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. परवाच आला होता फोन. बराच वेळ बोललो आम्ही, पावसाचं, पेन्शनचं. फोन ठेवल्यावर मी लिहायला बसलो. त्याला हे पाठवणार आहे का? तुम्ही विचारालच. मला माझी खोड माहीत आहे, म्हणून काही म्हणत नाही.

सुदामच्या नमुन्यात लोखंड नव्हतं. त्यानं मला परत दिला तेव्हा खल स्वच्छ होता.